नीतीचा आक्षेप आणि चित्रपटाचे स्वातंत्र्य : फाळके यांच्या नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : चित्रपट, नीतिवादी समीक्षा, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, परिनिरीक्षण, दादासाहेब फाळके, नाशिक

प्रस्तावना

चित्रपट ही विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी लोककला होय. तिच्या जन्मापासूनच तिच्याकडे दोन भिन्न दृष्टींनी पाहिले गेले. एका दृष्टीने चित्रपट हे लोकशिक्षणाचे व रंजनाचे साधन होते, तर दुसऱ्या दृष्टीने ते तरुण पिढीला बिघडविणारे व्यसन होते. या दोन दृष्टींमधील संघर्षाची चर्चा सामान्यतः सेन्सॉर मंडळ, न्यायालयीन खटले आणि बंदीचे हुकूम यांच्या अनुषंगाने केली जाते. त्यामुळे शासन विरुद्ध कलावंत असे या संघर्षाचे एक ठराविक चित्र आपल्या मनात तयार झालेले आहे.

भारतीय कथापटाची पायाभरणी ज्या नाशिकशी निगडित आहे, तेथील इतिहास पाहिला असता हे चित्र अपुरे ठरते. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या पहिल्या यशानंतर त्यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलविला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. सुमारे एकोणीस वर्षांच्या निर्मितीकाळात त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट तयार केले. त्यांतील बहुतेकांचे विषय पौराणिक होते. म्हणजेच आशयाच्या दृष्टीने त्यांच्यावर अनीतीचा आरोप करणे जवळजवळ अशक्य होते. असे असूनही नीतीच्या आक्षेपाला त्यांना तोंड द्यावे लागले. हे कसे घडले, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मूळ प्रश्न आहे.

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) चित्रपटविषयक कायदा अस्तित्वात येण्यापूर्वीच्या नैतिक आक्षेपाचे स्वरूप तपासणे.
२) फाळके यांनी त्या आक्षेपाला दिलेल्या उत्तराचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करणे.
३) पुढील काळातील निवडक प्रसंगांच्या आधारे नीतिवादी टीका आणि निर्मिती-आस्वादाचे स्वातंत्र्य यांतील योग्य संबंध शोधणे.

कायद्यापूर्वीची बंदी

हिंदुस्थानात सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली संमत झाला आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथील परिनिरीक्षण मंडळे १९२० पासून काम करू लागली. याचा अर्थ असा की, 'राजा हरिश्चंद्र'पासून 'लंकादहन' (१९१७) पर्यंतचे फाळके यांचे चित्रपट प्रमाणपत्राच्या सक्तीवाचून प्रदर्शित झाले. कायद्याच्या भाषेत हा स्वातंत्र्याचा काळ होता. परंतु याच काळात फाळके यांच्यासमोर एक अडथळा असा होता, की जो कोणत्याही मंडळाकडे अपील करून दूर होण्यासारखा नव्हता. तो अडथळा म्हणजे स्त्रीभूमिकेसाठी स्त्री न मिळणे.

घरंदाज स्त्रीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे तत्कालीन समाजास अमान्य होते. नाटकात स्त्रीपार्टी पुरुषांची परंपरा रुळलेली असल्याने तेथे हा प्रश्न तितका तीव्र नव्हता. चित्रपटात मात्र चेहरा जवळून दिसतो, म्हणून फाळके यांना स्त्रियाच हव्या होत्या. त्यांनी वेश्यावस्तीतही शोध घेतला. तेथील स्त्रियांनीही नकार दिला किंवा त्यांच्या पोशिंद्यांनी तो दिला, ही बाब अत्यंत बोलकी आहे. समाजाने ज्यांना नीतीच्या कक्षेबाहेर ढकलले होते, त्यांनाही चित्रपटाचा धंदा आपल्याहून हलका वाटत होता. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली. दहा रुपये महिना मिळविणाऱ्या साळुंके यांना फाळके यांनी पंधरा रुपयांवर आणले, असे सांगितले जाते. 'लंकादहन'मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या.

पुरुष नटांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. कोठे काम करता, असे कोणी विचारल्यास 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' असे उत्तर द्यावे, अशी सूचना फाळके यांनी आपल्या माणसांना दिली होती, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. कारखान्यातील नोकरी प्रतिष्ठेची आणि चित्रपटातील नोकरी लाजिरवाणी, हा त्यामागील व्यवहार होता.

येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा की, हा आक्षेप चित्रपटातील आशयावर नव्हता. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमाविणाऱ्या राजाची कथा कोणास अनैतिक वाटणार? आक्षेप होता तो कोण दिसणार, कोणाचे शरीर दिसणार आणि त्याबद्दल पैसे कोण घेणार, यावर. पहिल्या कथापटाच्या उपलब्ध चित्रफितीत जलक्रीडेचे दृश्य आहे. त्यातील ओलेत्या साड्यांमधील 'स्त्रिया' प्रत्यक्षात पुरुष आहेत. दृश्य तेच, परंतु शरीर कोणाचे यावर नीतीचा निवाडा ठरत होता. नीतिवादी समीक्षेचा हा पहिला विशेष होय.

नाशिकचे उत्तर

नाशिकला आल्यानंतर फाळके यांनी 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) हा चित्रपट तयार केला. त्यात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढील काळातील कमलाबाई गोखले, यांनी मोहिनीची भूमिका केली. भारतीय कथापटात प्रथमच स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या त्या या चित्रपटात. दुर्गाबाईंना याची किंमत ज्ञातिबांधवांच्या बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली. कमलाबाईंचे वय त्या वेळी अवघे तेरा वर्षांच्या आसपास होते. चित्रपटस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना आपण दिग्दर्शकांची आणि न्यायमूर्तींची नावे नोंदवितो. तथापि या स्वातंत्र्याची पहिली किंमत मोजणाऱ्यांत दुर्गाबाईंचे नाव अग्रभागी असावयास हवे.

फाळके यांचे स्वतःचे उत्तर तीन प्रकारचे होते. पहिले म्हणजे कारखान्याला कुटुंबाचे रूप देणे. नाशिकच्या कारखान्यातील माणसे एकत्र कुटुंबाप्रमाणे राहत. सरस्वतीबाई फाळके यांनी केवळ दागिने देऊन भांडवल उभे केले असे नव्हे. कच्च्या फितीला छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे त्यांनी केली. दुसरे उत्तर म्हणजे आपल्याच मुलांना पडद्यावर आणणे. पुत्र भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला आणि कन्या मंदाकिनी 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली. जो धंदा इतरांच्या लेकरांसाठी वाईट म्हटला जातो, त्यात मी माझीच लेकरे उभी करतो, असे हे मूक उत्तर होते. तिसरे उत्तर म्हणजे पडद्यामागचे काम उघड करून दाखविणे. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा लघुपटच त्यांनी १९१७ साली काढला. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहून त्यांनी आपली धडपड सुशिक्षितांपुढे मांडली. आपल्या चित्रपटांचे भांडवल, मालकी, माणसे आणि कथा ही सर्व स्वदेशी आहेत, हा त्यांचा अभिमानाचा दावा होता.

हे उत्तर परिणामकारक ठरले, यात शंका नाही. परंतु त्यातील मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. फाळके यांनी चित्रपटाचा बचाव उपयुक्ततेच्या पायावर केला. चित्रपट धर्माचा, देशाचा आणि घराण्याच्या अब्रूचा मित्र आहे. म्हणून तो असू द्यावा, असा हा युक्तिवाद होता. अशा युक्तिवादाने मिळालेले स्वातंत्र्य सशर्त असते. जो चित्रपट धर्माचा प्रचार करीत नाही, समाजाला बोचरे प्रश्न विचारतो किंवा केवळ हसवितो, त्याचे रक्षण या पायावर करता येत नाही. फाळके यांच्यावर ही वेळ आली नाही, कारण त्यांचे विषयच त्यांचे कवच होते. त्यांच्यानंतरच्या निर्मात्यांना मात्र हे कवच पुरेसे ठरले नाही.

प्रेक्षकाचे स्वातंत्र्य

निर्मितीच्या स्वातंत्र्याबरोबरच आस्वादाच्या स्वातंत्र्याचाही विचार येथे करणे आवश्यक आहे. 'लंकादहन' पाहताना पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत असत, असे वर्णन वाचावयास मिळते. या दृश्याकडे भाबडी भक्ती म्हणून पाहण्याची प्रथा आहे. नाशिकच्या संदर्भात मात्र त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. पडद्यावरील रामाच्या दर्शनासाठी तिकीट पुरेसे होते. त्याच रामाच्या नाशिक येथील काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. तो पुढे काही वर्षे चालला, तरी मंदिराची दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

चित्रपटगृहातही तिकीटदरांचे थर होते आणि समाजातील विषमता तिकीटघराशी येऊन थांबत नव्हती, हे मान्य केले तरी एक मूलभूत फरक उरतोच. तिकीट ही विकत घेण्याची वस्तू होती. जन्माने मिळणारा किंवा नाकारला जाणारा अधिकार नव्हे. चित्रपट 'खालच्या' लोकांना बिघडवितो, ही तक्रार जेव्हा वरिष्ठ वर्गाकडून केली जाते, तेव्हा तीत नीतीइतकीच अंधाऱ्या सभागृहातील या नव्या सरमिसळीची अस्वस्थताही असते, असे म्हणण्यास जागा आहे.

कायद्याचे आगमन आणि न पाहता केलेली टीका

१९१८ च्या कायद्याने 'सार्वजनिक प्रदर्शनास योग्य' ही कसोटी घातली. परंतु योग्य म्हणजे काय, हे कायद्यात सांगितले नाही. ब्रिटनमधील टी. पी. ओ'कॉनर यांच्या ४३ नियमांच्या धर्तीवर मंडळांचे संकेत ठरत गेले. व्यवहारात नीतीचे आणि राजसत्तेचे आक्षेप एकमेकांत मिसळले. 'भक्त विदुर' (१९२१) हा वरकरणी पौराणिक चित्रपट होता. परंतु त्यातील विदुर गांधीटोपीची आठवण करून देणाऱ्या वेषात असल्याने मद्रास व सिंधमध्ये त्याच्यावर बंदी आली. 'प्रभात'ने संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे 'महात्मा' हे नाव परिनिरीक्षकांना रुचले नाही, म्हणून तो १९३५ साली 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला. चित्रपट रोखण्याचे हत्यार एकदा हाती आले की, ते मूळ हेतूपुरते मर्यादित राहत नाही, याची ही उदाहरणे होत.

१९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने ३५३ साक्षीदारांची साक्ष घेतली. पाश्चात्त्य चित्रपटांमुळे हिंदी प्रेक्षकांच्या मनातील गोऱ्या स्त्रीची प्रतिमा डागाळते, ही भीती या चौकशीमागे होती. समितीला ही भीती अतिरंजित वाटली आणि चालू परिनिरीक्षण पुरेसे आहे, असे मत तिने नोंदविले. या समितीच्या प्रश्नावलीस महात्मा गांधींनी दिलेले उत्तर सुप्रसिद्ध आहे. आपण कधीही चित्रपटगृहात गेलेलो नाही, म्हणून प्रश्नांची उत्तरे देण्यास आपण अपात्र आहोत, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. तथापि चित्रपटाने केलेले नुकसान बाहेरच्या माणसासही उघड दिसते, असेही त्यांनी त्याच उत्तरात कळविले.

गांधीजींचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु नीतिवादी समीक्षेचा दुसरा विशेष येथे स्पष्ट होतो. तो म्हणजे कलाकृती न पाहता तिच्याविषयी निर्णय देणे. पुढे जुगार व घोड्यांच्या शर्यती यांच्या पंक्तीत गांधीजींनी चित्रपटाला बसविले, तेव्हा तरुण पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ साली 'फिल्मइंडिया' मासिकातून त्यांना अनावृत पत्र लिहिले. चित्रपटाचा दुरुपयोग होतो, हे नाकारण्याऐवजी त्याच्या सदुपयोगाकडे पाहण्याची विनंती त्यात होती. १९४४ साली जुहू येथील मुक्कामात गांधीजींनी विजय भट्ट यांचा 'रामराज्य' (१९४३) हा चित्रपट पाहिला. त्यात सीतेची भूमिका शोभना समर्थ यांनी केली होती. १९१७ साली सीतेसाठी स्त्री मिळत नव्हती. पाव शतकात सुशिक्षित घरातील स्त्री सीता झाली. हा बदल कोणत्याही कायद्याने घडविला नव्हता. दुर्गाबाईंपासून सुरू झालेल्या स्त्रियांच्या मालिकेने तो घडविला होता.

'ब्रह्मचारी' ते 'श्यामची आई'

मराठी समाजातील या वादाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आचार्य प्र. के. अत्रे यांचे आहे. अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या हंस पिक्चर्सच्या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात एका गीतप्रसंगात दिसल्या आणि महाराष्ट्रात खळबळ माजली. वस्तुतः हा चित्रपट म्हणजे देखाव्याच्या ब्रह्मचर्यावरील उपहास होता. म्हणजे त्याचा विषयच नीतीचा होता. चर्चा मात्र पोशाखाभोवती फिरली. १९१३ प्रमाणेच १९३८ मध्येही आक्षेपाचे केंद्र आशय नसून स्त्रीचे शरीर होते.

याच अत्र्यांनी पंधरा वर्षांनी 'श्यामची आई' (१९५३) हा चित्रपट काढला आणि पहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला लाभले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मातेच्या वात्सल्याचा आदर्श मराठी घराघरांत नेणाऱ्या या चित्रपटात आईची भूमिका वनमाला या पदवीधर अभिनेत्रीने केली. एका लेखकाच्या हातून 'ब्रह्मचारी' आणि 'श्यामची आई' या दोन्ही कृती घडल्या, यातून कोणता निष्कर्ष निघतो? पहिल्या कृतीवरून लेखकाच्या नीतिमत्तेचा निकाल लावून त्याचा मार्ग बंद करण्याचा अधिकार कोणास असता, तर दुसरी कृती घडली असतीच, असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. हसविण्याचे स्वातंत्र्य आणि रडविण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये नाहीत.

राज्यघटनेनंतर

भारतीय राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आणि कलम १९ (२) ने सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंधांची मुभा ठेवली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने पूर्वपरिनिरीक्षण कायम राखले. गांधीजींना पत्र लिहिणारे अब्बास या व्यवस्थेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबईतील वेश्यावस्तीचे ओझरते दर्शन घडविणारा त्यांचा लघुपट वादाचे निमित्त होता. १९७० च्या निर्णयात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरविले; परंतु लैंगिकता आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, तसेच समाजातील अत्यंत विकृत व्यक्तीच्या मापाने निकोप मनाच्या नागरिकाने काय पाहावे हे ठरवू नये, असेही बजाविले.

त्याआधीच्याच वर्षातील दोन घटना येथे एकत्र पाहण्याजोग्या आहेत. न्या. खोसला समितीने १९६९ मध्ये, कथेची गरज असल्यास चुंबन वा नग्नता यांस सरसकट मज्जाव असू नये, अशी शिफारस केली. फाळके यांच्या नावाचा पहिला पुरस्कार १९६९ या वर्षासाठी देविकाराणी यांना मिळाला. 'कर्मा' (१९३३) मधील चुंबनदृश्याने त्या चर्चेत आल्या होत्या. ज्या फाळके यांना एके काळी तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, त्यांच्या नावाचा पहिला मान एका अभिनेत्रीला मिळावा, ही काळाने केलेली दुरुस्तीच म्हणावी लागेल.

पुढे १९८३ मध्ये मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' हा शब्द आला. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण रद्द झाल्याने मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयातच जावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने मार्गदर्शनाधीन प्रमाणपत्राचे ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट केले. वयोगटांची ही विभागणी योग्य दिशेची आहे. कारण तीत प्रेक्षकाला माहिती देऊन निवड त्याच्यावर व पालकांवर सोपविण्याचे तत्त्व आहे.

नीतिवादी समीक्षेचे मोल

वरील विवेचनाचा अर्थ नीतीच्या दृष्टीने चित्रपटाकडे पाहूच नये, असा मुळीच नाही. स्त्रीला केवळ वस्तू म्हणून दाखविणे, हिंसेचे उदात्तीकरण करणे, दुर्बलांची टवाळी करणे यांवर कठोर टीका झालीच पाहिजे. कलामूल्य आणि नीतिमूल्य यांची पूर्ण फारकत करता येत नाही. किंबहुना नैतिक प्रश्न न विचारणारी समीक्षा अपुरी ठरते. परंतु समीक्षेचे साधन युक्तिवाद हे आहे आणि तिचे यश पटवून देण्यात आहे. दुसऱ्याने ती कृती पाहूच नये अशी व्यवस्था करताच समीक्षक आपले साधन गमावतो, कारण ज्यांना पटवून द्यावयाचे त्यांच्यापुढे पुरावाच उरत नाही.

निष्कर्ष

१) फाळके यांच्या काळात चित्रपटावरील पहिला निर्बंध कायद्याचा नसून लोकलज्जेचा होता आणि त्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर पडला.
२) नैतिक आक्षेप हा अनेकदा आशयापेक्षा कलावंताच्या शरीराशी, व्यवसायाशी आणि प्रेक्षकवर्गाशी निगडित होता.
३) उपयुक्ततेच्या आधारे मिळविलेले स्वातंत्र्य सशर्त राहते. त्याला नागरिकाच्या हक्काचा पाया आवश्यक असतो.
४) नीतिवादी टीका ही स्वातंत्र्याची विरोधक नव्हे, मात्र पाहणे ही तिची पहिली अट आहे.

यांपैकी चौथा निष्कर्ष आपणा प्राध्यापकवर्गास थेट लागू होतो. महाविद्यालयात एखादा चित्रपट दाखविण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्याला बहुधा त्याच्या नावावरून किंवा ऐकीव माहितीवरून विरोध होतो आणि वाद नको म्हणून कार्यक्रमच रद्द केला जातो. असा निर्णय कोणत्याही प्रमाणन मंडळाच्या नोंदीत जात नाही, म्हणून तो बंदी वाटत नाही. परंतु दुर्गाबाईंवरील बहिष्कारही कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता. आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्यास प्रदर्शनानंतरच्या चर्चेचे अध्यक्षस्थान देणे हा अधिक चांगला मार्ग आहे. त्याने चित्रपट पाहावा, विद्यार्थ्यांसमोर त्याची कठोर चिकित्सा करावी आणि विद्यार्थ्यांचे उत्तरही ऐकून घ्यावे. नीतीचा आग्रह आणि आस्वादाचे स्वातंत्र्य यांचा मेळ वर्गात घालता आला, तरच तो वर्गाबाहेर घालता येईल.